चिखलाची कसोटी: भंडारा जिल्ह्यात फोर-बाय-फोर पिकअपची निवड

नागपूरहून रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 53 भंडारा, लाखनी आणि साकोली या तीन तालुक्यांच्या ठिकाणांना जोडीत जिल्ह्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुरळीत धावतो, आणि केवळ त्याच्यावरून प्रवास करणाऱ्याला या मुलुखात चारही चाकांना गती देणाऱ्या वाहनाची गरज कुणाला पडत असेल असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. परंतु महामार्ग सोडून पांदणीला लागावे, कोहळी समाजाच्या आणि मालगुजारांच्या कर्तृत्वाने उभ्या राहिलेल्या जुन्या तलावांच्या पाळीखालून बांध्यांकडे उतरावे, म्हणजे उत्तर आपोआप मिळते. वर्षाकाठी सरासरी तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतांशी चार महिन्यांत. धानासाठी मुद्दाम अडवून धरलेले पाणी. आणि वैनगंगा, सूर, चुलबंद व बावनथडी या नद्यांनी खोऱ्याखोऱ्यांत आणून टाकलेला गाळ, या तिन्हींच्या संयोगाने आषाढापासून आश्विनापर्यंत येथील कच्च्या वाटांना जे रूप येते, त्याच्यापुढे साधी मोटार हतबल होते.

आणि तरीही याच दिवसांत वाहनाची निकड सर्वांत अधिक असते. रोवणीसाठी खत आणि डिझेल शेतापर्यंत पोहोचवायचे असते. चुलबंद खोऱ्यातला भाजीपाला पहाटेच्या बाजाराला गाठायचा असतो. नवेगाव-नागझिरा आणि कोका येथील रानांत वनखात्याच्या पथकांना गस्त घालावयाची असते. वाऱ्याने कोसळलेल्या खांबापर्यंत वीज कर्मचाऱ्यांना शिडी आणि तारांसह जावे लागते. माणसे आणि सामान या दोहोंना एकाच वेळी, रस्ता नसलेल्या ठिकाणी नेणारे वाहन म्हणून पिकअपची निवड येथे होते. निवड म्हणजे इंजिन कोणते आणि श्रेणी कोणती, हे दोन निर्णय. विक्रेत्याच्या दालनात हे निर्णय रंग, पडदा आणि चकाकी पाहून घेतले जातात. ते जमिनीकडे पाहून घेतले जावेत, एवढेच या लेखाचे प्रतिपादन आहे.

या वाहनाचे भारतातील कूळ महाराष्ट्रातलेच आहे. 1945 साली स्थापन झालेल्या महिंद्र आणि महंमद या पेढीने 1947 मध्ये मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. फाळणीनंतर भागीदार गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि 1948 मध्ये पेढीला महिंद्र अँड महिंद्र हे नाव मिळाले. पुढे 1963 मध्ये याच पेढीने अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने ट्रॅक्टरचा कारखाना काढला. आज खेडोपाडी दिसणाऱ्या बोलेरो कॅम्परच्या इंजिनाचे घनफळ 2523 घन सेंटिमीटर आहे. साडेतीन इंच व्यासाची चार सिलिंडरे आणि चार इंचांचा दट्ट्याचा प्रवास, असा गुणाकार केला म्हणजे नेमके तेवढेच घनफळ येते, आणि ही मापे त्या हार्वेस्टर घराण्याच्या ट्रॅक्टर-इंजिनाची आहेत. मधल्या दशकांत त्याचे इंधन-अंतःक्षेपण बदलले, टर्बो आला, संगणकाचे नियंत्रण आले. परंतु मंद गतीला भार ओढण्याचा मूळ स्वभाव कायम राहिला.

तो स्वभाव समजून घेण्यासाठी अश्वशक्ती आणि टॉर्क यांतला भेद ध्यानी घेतला पाहिजे. अश्वशक्ती वाहन किती वेगाने काम उरकील ते सांगते. टॉर्क म्हणजे चाकाला मिळणारा पीळ, आणि चिखलात प्रश्न पिळाचाच असतो. धानाच्या बांधीत चिखलणी करताना शेतकरी ज्या कारणाने चपळ बैलापेक्षा संथ हल्या पसंत करतो, त्याच कारणाने येथे कमी फेऱ्यांवर मिळणारा टॉर्क मोलाचा ठरतो. कॅम्परचे इंजिन केवळ 75 अश्वशक्तीचे आहे, परंतु त्याचा 200 न्यूटन-मीटर टॉर्क मिनिटाला 1400 फेऱ्यांपासूनच उपलब्ध होतो. विवरणपत्रातला कमाल आकडा वाचून थांबू नये. तो किती फेऱ्यांवर मिळतो, हा तपशील त्याहून महत्त्वाचा.

पिळाचा दुसरा स्रोत गिअरपेटीत असतो. ज्या जिल्ह्यात गडेगाव येथे अशोक लेलँडचा कारखाना ट्रकांचे गिअरबॉक्स घडवितो, तेथील वाचकाला हे यंत्र परके वाटू नये. खऱ्या फोर-बाय-फोर पिकअपमध्ये मुख्य गिअरपेटीमागे आणखी एक लहान पेटी असते. ती पुढच्या आसाला शक्ती पोहोचविते आणि तिच्यातील लो रेंज लावली असता वेग घटून टॉर्क सुमारे अडीच पट होतो. टू-एच, फोर-एच आणि फोर-एल या तीन अवस्थांपैकी पहिली डांबरासाठी, दुसरी ओल्या मुरुमासाठी व सैल वाळूसाठी, आणि तिसरी खोल गाळ, तीव्र चढ आणि अडकलेला ट्रॅक्टर ओढण्यासाठी. या प्रकारच्या गाड्यांत पुढचा आणि मागचा आस एकमेकांशी घट्ट जखडले जातात. म्हणून कोरड्या डांबरावर फोर-एच लावून वळणे घेतली तर यंत्रणेत ताण साचतो आणि दातेचक्रांची हानी होते. आणखी एक मर्यादा डिफरन्शिअलची: एक चाक चिखलात मोकळे फिरू लागले की शक्ती त्याच चाकाकडे वाहते आणि पक्क्या जमिनीवरचे चाक स्वस्थ उभे राहते. मागच्या आसाचे डिफरन्शिअल लॉक हा दोष दूर करते. इतर शोभेच्या वस्तूंवर खर्च करण्याआधी या एका कळीची चौकशी करावी.

आता प्रत्यक्ष पर्यायांकडे वळू. कॅम्परमध्ये इंजिन एकच. निवड आहे ती टू-व्हील आणि फोर-व्हील यांतली, आणि वातानुकूलन, आसने व सजावट यांच्या श्रेणींतली. दोन ओळींची आसने आणि मागे सुमारे एक टन भाराचा हौदा, शिवाय प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी हे इंजिन हातावर मळलेला कारागीर, ही तिची बलस्थाने. आराम आणि महामार्गावरील वेग यांची तिच्याकडून अपेक्षा करू नये.

इसुझुची डी-मॅक्स व्ही-क्रॉस 2016 मध्ये आंध्र प्रदेशातील श्री सिटी येथील कारखान्यातून आली, तेव्हा तिच्यात 2.5 लिटरचे, 134 अश्वशक्तीचे आणि 320 न्यूटन-मीटरचे इंजिन होते. 2019 मध्ये 1.9 लिटरचे नवे इंजिन प्रथम वरच्या श्रेणीत आले, आणि 2021 मध्ये बीएस-6 मानकांसह तेच 163 अश्वशक्ती व 360 न्यूटन-मीटर देऊ लागून जुन्याची जागा घेता झाले. आकार घटूनही बळ वाढल्याचे पाहून जुन्या मताच्या ग्राहकाला शंका येते. पण ती किमया उच्च दाबाच्या अंतःक्षेपणाची व सुधारलेल्या टर्बोची आहे. तिची किंमत एवढीच की पूर्ण टॉर्क 2000 फेऱ्यांवर हाती येतो, त्यामुळे चिखलात शिरण्यापूर्वीच योग्य गिअर लावण्याची शिस्त चालकाला अंगी बाणवावी लागते. श्रेणींचा विचार येथे अधिक बोधप्रद आहे. हाय-लँडर या खालच्या श्रेणीत इंजिन तेच, परंतु शक्ती मागच्या दोनच चाकांना आणि चाके 16 इंची पोलादाची. झेड आणि झेड प्रेस्टिज या श्रेणींत 18 इंची मिश्रधातूची चाके, आणि फोर-बाय-फोर हवी असेल तर तीही याच श्रेणींत शोधावी लागते. म्हणजे जो रानात जाण्यासाठी वरची श्रेणी घेतो, त्याच्याच पदरी कमी उंचीच्या बाजूचे, दगडावर लवकर दुखावणारे टायर येतात. वाकलेली पोलादी रिम गावचा लोहारही सरळ करतो. तडकलेली मिश्रधातूची रिम बदलावीच लागते.

टोयोटाची हायलक्स 2022 मध्ये कर्नाटकातील बिडदीहून आली. तिचे 2755 घन सेंटिमीटरचे इंजिन 204 अश्वशक्तीचे असून सर्व श्रेणींत चारही चाकांना शक्ती मिळते. पाण्यातून जाण्याची ग्राह्य खोली 700 मिलिमीटर. येथे एक सूक्ष्म गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते: हाताने गिअर बदलण्याच्या आवृत्तीत टॉर्क 420 न्यूटन-मीटर आहे, तर स्वयंचलित आवृत्तीत 500. श्रेणीची निवड म्हणजे केवळ सुखसोयींची निवड असे जे मानतात, त्यांनी या आकड्यांचा विचार करावा. चिखलात क्लच जाळण्याचा धोका स्वयंचलित पेटी टाळते. मात्र उताराला इंजिनाचा रोध राखून धरण्याचे काम हाताच्या गिअरने अधिक निःसंदिग्धपणे होते. दुरुस्तीसाठी मात्र या दोन्ही गाड्यांच्या मालकाला बहुधा साठ किलोमीटरवरील नागपूरची वाट धरावी लागते, आणि ऐन रोवणीत वाहन दोन दिवस उभे राहणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगण्याची आवश्यकता नाही.

1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 मानकांनी सर्वच डिझेल गाड्यांत एक नवा व्यवहार आणला. धुरातील काजळी अडविणारी गाळणी वेळोवेळी तापून ती काजळी जाळून स्वच्छ होते, आणि त्यासाठी सलग, काहीशा वेगाने चालणे तिला लागते. घरापासून शेतापर्यंतच्या अल्प, मंद फेऱ्याच ज्याच्या नशिबी असतील, त्याने आठवड्यातून एखादा लांबचा प्रवास महामार्गावरून करावा. सूचक दिवा लागल्यावर दुर्लक्ष केल्यास खर्च मोठा येतो.

इंजिनाइतकाच विचार जमिनीचा हवा. जुन्या महसुली दप्तरांत या जिल्ह्यातील जमिनीचे कन्हार, मोरांड, सिहार, खरडी, बरडी असे प्रकार नोंदलेले आहेत, आणि टायरच्या निवडीला ते आजही मार्गदर्शक आहेत. कन्हारीचा काळा, चिकट चिखल टायरच्या बारीक नक्षीत भरून तिला गुळगुळीत करून टाकतो. तेथे रुंद खाचांचा, फिरता फिरता स्वतःस मोकळा करणारा मड-टेरेन टायर हवा. बरडीच्या खडकाळ मुरुमावर आणि तुमसरकडे चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणींच्या परिसरात जाड बाजूचा ऑल-टेरेन टायर अधिक टिकतो. वर्षानुवर्षांच्या चिखलणीने बांधीच्या तळाशी एक कठीण थर तयार झालेला असतो. चिखल उथळ असेल तर अरुंद टायर त्याला कापून त्या थरावर पकड घेतो, म्हणून येथे रुंद टायर दरवेळी श्रेयस्कर ठरत नाही. नदीकाठच्या वाळूत मात्र हवा कमी करून टायर पसरू द्यावा आणि डांबरावर येताच ती पूर्ववत भरावी.

कागदपत्रांचा प्रश्नही निवडीचाच भाग आहे. एमएच 36 या क्रमांकमालिकेत कॅम्पर मालवाहू म्हणून नोंदली गेली की पिवळी पाटी आणि योग्यता प्रमाणपत्र यांचे बंधन येते. हे प्रमाणपत्र पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी घ्यावे लागते. खासगी म्हणून नोंदलेल्या व्ही-क्रॉस वा हायलक्सला ही यातायात नाही, पण भाड्याने माल वाहण्याची मोकळीकही नाही. आणि वाहन कोणतेही असो, हौद्यात रोवणीच्या मजूर स्त्रियांना बसवून नेणे बेकायदेशीर आहे आणि जीवघेणेही. ज्याला माणसे न्यायची आहेत त्याने दोन ओळींच्या आसनांचीच गाडी घ्यावी.

वरच्या श्रेणीतील सर्वच गोष्टी निरर्थक आहेत असे मात्र मुळीच समजू नये. अधिक एअरबॅग, घसरण सावरणारे स्थिरता-नियंत्रण आणि उतारावर वेग धरून ठेवणारी व्यवस्था जेथे वरच्या श्रेणीतच मिळते, तेथे ती श्रेणी घेणे हा अपव्यय नव्हे, कुटुंबाप्रति कर्तव्य आहे. मोठा पडदा, चकाकत्या पट्ट्या आणि चामड्याची आसने यांच्यासाठी मात्र कर्जाचा हप्ता वाढवू नये. ते पैसे चांगले टायर, तळाचे पोलादी संरक्षक पत्रे आणि ओढण्याचा मजबूत पट्टा यांत घालावेत.

म्हणून माझा अभिप्राय स्पष्ट आहे. ज्याचा हौदा रोज भरतो आणि ज्याचे उत्पन्न त्या हौद्यावर अवलंबून आहे, त्याने फोर-व्हील कॅम्पर घ्यावी. ज्याला आठवडाभर शेती आणि अधूनमधून कुटुंबासह नागपूर-रायपूरचा प्रवास करायचा आहे, त्याला व्ही-क्रॉसची हाताच्या गिअरची फोर-बाय-फोर श्रेणी पुरेशी आहे. ज्याला जड वस्तू वारंवार ओढायच्या आहेत आणि अधिक भांडवल गुंतविण्याची ऐपत आहे, त्याने स्वयंचलित हायलक्स घ्यावी. आणि ज्याची वाट वर्षभर डांबरीच आहे, त्याने टू-व्हील घेऊन उरलेली रक्कम बांधबंदिस्तीला लावावी. तिघाचौघांपैकी कोणीही असो, सौदा पक्का करण्यापूर्वी हौद्यात धानाची पोती भरून, स्वतःच्या पांदणीवर, शक्यतो पावसाळ्यातच वाहन चालवून पाहण्याचा आग्रह धरावा. जो विक्रेता यास राजी होणार नाही, त्याच्याकडून वाहन घेऊ नये.