शुक्रवारी सकाळी येणारा वास

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना आठवड्याची सुट्टी गुरुवारी. त्यामुळे भोसरी एमआयडीसीत शुक्रवारी सकाळी सीएनसी मशीनचा पंप सुरू केला, की कधीकधी कूलंटच्या टाकीतून सडक्या अंड्यांचा भपकारा येतो. हे कूलंट म्हणजे बहुधा पाण्यात एकजीव केलेलं तेल. पंप दिवसभर बंद राहिला, की मशीनमधून गळलेल्या तेलाचा तवंग वर धरतो, खालच्या पाण्याला हवा मिळत नाही आणि प्राणवायूविना जगणारे जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात.

स्यूडोमोनाससारखे तेलावर जगणारे जिवाणू तर तिथं न बोलावता येतात. गंमत अशी, की शॉपफ्लोअरवर त्यांना मारायला कूलंटमध्ये जिवाणूनाशक ओततात आणि मागच्या ईटीपीत, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्रात, त्यांच्याच भाऊबंदांचं कल्चर विकत आणून पोसतात. ते कूलंट एकदम ईटीपीत सोडलं, तर विकतचे जिवाणूही मरतात.

कँटीनचं खाद्यतेल पचवायला त्यामानाने सोपं. जिवाणूंचं लायपेज हे विकर तेलाचा रेणू फोडतं; एक ग्लिसरॉल आणि तीन मेदाम्लं सुटी होतात. मेदाम्लाची लांब साखळी पेशीत दोन-दोन कार्बननी छाटली जाते. शेवटी उरतो कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि वाढलेले जिवाणू, म्हणजे स्लज. मात्र 1 किलो तेलाच्या पूर्ण विघटनाला जवळपास 3 किलो प्राणवायू लागतो, आणि 30 अंश तापमानाच्या लिटरभर पाण्यात तो जेमतेम 7.5 मिलिग्रॅम विरघळतो. वीजबिल वाचवायला रात्री टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बंद ठेवणाऱ्यांनी कल्चरला नावं ठेवू नयेत.

कँटीनच्या मोरीत जिवाणूंची पावडर टाकली की ग्रीस ट्रॅप, म्हणजे चरबी अडवणारी टाकी, उपसायला नको, या दाव्यावर माझा विश्वास नाही. लायपेजला काही तास हवेत. मोरीतलं पाणी मिनिटांत पुढे जातं. चरबी नुसती सुटते आणि पुढच्या पाइपात थिजते. आधी तवंग काढावा, मग उरलेलं जिवाणूंवर सोपवावं. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात तेल-ग्रीसची मर्यादा लिटरला 10 मिलिग्रॅम आहे.

ट्रॅपमधली चरबी फेकायची वस्तू नव्हे. बायोगॅस संयंत्रात 1 ग्रॅम चरबीपासून सुमारे 1 लिटर मिथेन मिळू शकतो, पिष्टापासून त्याच्या निम्म्याहून कमी. ती उरल्यासुरल्या अन्नात थोडीथोडी मिसळावी लागते, कारण एकदम ओतली तर मेदाम्लं साचून मिथेन करणारे सूक्ष्मजीवच गुदमरतात. मशीनचं टाकाऊ तेल मात्र तिथं चालत नाही. ते घातक कचऱ्यात मोडतं आणि अधिकृत पुनर्प्रक्रियादाराकडेच द्यावं लागतं.