भिक्षूच्या हातचा उपचार

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या कल्पनारम्य भूमिका-खेळात 'मंक', म्हणजे नि:शस्त्र झुंजणारा भिक्षू, हा पात्रवर्ग १९७५च्या 'ब्लॅकमूर' या पुरवणीतून दाखल झाला. १९७८च्या नियमपुस्तकाने सातव्या पातळीवरील भिक्षूला जखमा भरून काढण्याची शक्ती दिली, मात्र ती दिवसातून एकदाच, दोन ते पाच 'हिट पॉइंट' (पात्रात किती जीव उरला आहे ते दाखवणारे अंक) एवढीच, आणि तीही केवळ स्वतःपुरती. १९८९च्या आवृत्तीने तर मूळ नियमपुस्तकातून या वर्गालाच वगळले. पुढे २००० साली हे प्रमाण पातळीच्या दुप्पट आणि २०१४ साली एका उपशाखेत तिप्पट झाले. आकडे वाढत गेले, पण शेजारी कोसळलेल्या सोबत्याला त्याचा काही उपयोग नव्हता.

डिसेंबर २०१६च्या प्रायोगिक मसुद्यातील 'वे ऑफ ट्रँक्विलिटी', म्हणजे शांतिमार्ग, या उपशाखेने ही मर्यादा ओलांडली आणि भिक्षूला पातळीच्या दहापट हिट पॉइंटांचा वेगळा उपचारसाठा दिला. धर्मयोद्धा असलेल्या पॅलाडिनचा साठा पातळीच्या पाचपटच असल्याने तिसऱ्या पातळीवर पॅलाडिनकडे १५, तर भिक्षूकडे ३० अंक जमत, आणि ही उदारता अंमळ जास्तच म्हटली पाहिजे. हा मार्ग पुढच्या वर्षीच्या अधिकृत नियमग्रंथात आला नाही.

नोव्हेंबर २०२०च्या 'टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग'मधील 'वे ऑफ मर्सी', म्हणजे दयामार्ग, याचे मर्म असे की त्यात उपचारासाठी निराळा साठाच नाही. भिक्षूची आंतरिक ऊर्जा म्हणजे 'की'; तिचा एक अंक खर्चून लागोपाठ दोन ठोसे मारताना त्यांपैकी एकाच्या जागी जखमी सोबत्याला स्पर्श करता येतो, आणि तिसऱ्या पातळीवर चार बाजूंच्या फाशाच्या दानात विवेकाचा गुणांक, समजा तीन, मिळवला की चार ते सात हिट पॉइंट परत येतात. तिसऱ्या पातळीवर 'की'चे अंक तीनच असल्याने उपचारावर खर्ची पडलेला अंक स्वतःच्या बचावाला उरत नाही, मात्र तासाभराच्या विश्रांतीने सारे अंक भरून येतात. त्याच ऊर्जेने इजाही करता येते. २०२४च्या नियमपुस्तकाने 'की'ऐवजी 'फोकस पॉइंट' हा शब्द आणला आणि दयामार्गाला भिक्षूच्या चार मुख्य उपशाखांत स्थान दिले; ठोशाच्या जागी उपचाराचा स्पर्श करण्याची मुभा मात्र तशीच ठेवली.