संशयवादी काय नाकारत नाही?

संशयवादी म्हणजे काहीच न मानणारा माणूस, ही समजूत फार जुनी आहे. या परंपरेचा मूळपुरुष एलिसचा पिऱ्हो. अलेक्झांडरच्या स्वारीबरोबर तो हिंदुस्थानापर्यंत येऊन गेला होता. समोरून गाडी येवो, कुत्रा येवो की पायाखाली कडा असो, पिऱ्हो हटत नसे आणि मित्रच त्याला वाचवत, अशी गोष्ट डायोजिनीस लेअर्शियसने नोंदवली आहे. गोष्ट चटकदार आहे, म्हणून टिकली. पण पिऱ्हो व्यवहारात सावधच असे, हे एनेसिडेमसचे मतही त्याने तिथेच दिले आहे. शिवाय पिऱ्हो नव्वदीच्या घरात पोचला, असेही तोच सांगतो. कडे न पाहता चालणाऱ्याला हे जमले असते का?

‘ज्ञान अशक्य आहे’ हा संशयवाद्यांचा सिद्धान्त, असेही समजतात. सेक्स्टस एम्पिरिकसला हे मान्य नव्हते. सत्य सापडले म्हणणारे एक, ते सापडणारच नाही म्हणणारे दुसरे आणि अजून शोधणारे तिसरे. आपण तिसरे, असे तो सांगतो. मध गोड लागतो, यावर त्याचा वाद नाही. तो मुळातच गोड आहे का, याबद्दल तो निर्णय राखून ठेवतो.

देकार्तची गोष्ट थोडक्यात आटपते. १६४१च्या ‘मेडिटेशन्स’मध्ये तो सगळ्यावर शंका घेतो ती पक्का आधार शोधण्यासाठी, आणि शेवटी जग जागच्या जागी परत ठेवतो.

ह्यूमवर मात्र खरा अन्याय झाला आहे. उद्या सूर्य उगवणार नाही, असे तो म्हणालाच नाही. उगवेल हे कोणत्या युक्तिवादाने ठरते, हा त्याचा प्रश्न. आजवर उगवला म्हणून, असे म्हणावे तर उद्या कालसारखाच असेल हे आधीच धरून चालावे लागते. आणि सिद्ध तर नेमके तेच करायचे असते. त्याच्या मते आपला विश्वास सवयीतून येतो आणि ती सवय सुटत नाही. शंकांनी डोके भणभणले की तो मित्रांबरोबर जेवे, बॅकगॅमन खेळे.

ज्ञानाबद्दलची अडचण फक्त संशयवाद्यांची, हाही गैरसमजच. सकारण आणि खरी समजूत म्हणजे ज्ञान, ही व्याख्या प्लेटोच्या नावावर खपते. प्रत्यक्षात ‘थीएटेटस’ या संवादात ती तपासून बाजूला ठेवली आहे. रसेलचे बंद घड्याळ घ्या. काटे पाचवर अडकलेले, तुम्ही पाहिले तेव्हा योगायोगाने पाचच वाजलेले. समजूत खरी, कारणही रास्त. पण वेळ तुम्हाला ‘माहीत’ होती का? १९६३ साली एडमंड गेटिअरने अवघ्या तीन पानांच्या लेखात अशाच उदाहरणांनी ती व्याख्या अडचणीत आणली. तेव्हापासून दुरुस्ती सुचवावी आणि तिला छेद देणारे नवे उदाहरण यावे, असे चालले आहे.