रिकाम्या हाताचे नियम

पावसाळ्यात मालवणच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या असतात आणि तरुण मुलांच्या हाती वेळ असतो. आमच्या लहानपणी हा वेळ पत्त्यांत, सोंगट्यांत, नाही तर भजनात जाई. गेले दोन पावसाळे मेढ्यातील आमच्या पडवीत पाच मुले एका निराळ्याच खेळासाठी जमत आहेत. पुढ्यात नाना आकारांचे फासे, एक जाड इंग्रजी पुस्तक आणि शंभर पानी वही. सोंगट्या नाहीत, पट नाही. बोलणे मात्र अखंड चालू.

खेळाचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन गृहस्थांनी तो १९७४ साली प्रसिद्ध केला. आपल्याकडच्या माणसाला तो समजावयास फार कष्ट पडू नयेत. दशावतारी कंपनीच्या रात्रीच्या आख्यानाला लिहिलेली संहिता नसते. कथा ठरलेली, पात्रे वाटून दिलेली; भाषण मात्र ज्याने त्याने उभ्या जागी स्वतःच्या बुद्धीने करावयाचे. या खेळातही तसेच. एकजण सूत्रधार होतो आणि गुहा, राक्षस, पडके किल्ले यांचे वर्णन करतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपले पात्र काय करते ते सांगतात. फरक इतकाच, की दशावतारात भीम जिंकणार हे आधीच ठरलेले असते. इथे ते वीस बाजूंच्या फाशाला विचारावे लागते. दान चांगले पडले तर घाव लागला. मग दुसरा फासा टाकून घाव किती खोल ते पाहावयाचे आणि शत्रूच्या प्राणांच्या आकड्यातून तितके वजा करावयाचे.

आमचा पुतण्या या खेळात पैलवान झाला. साधू नाही, जादूगार नाही. तांबड्या मातीतला, अंगाला तेल लावणारा, शस्त्र न घेणारा मल्ल. तिसऱ्याच रात्री तो रडकुंडीला येऊन म्हणाला, “काका, माझो पैलवान नुसतो मार खाता.” आता हा खेळ आपण सोडणार, असेही त्याने सांगितले.

आम्ही पुस्तक मागून घेतले आणि शब्दकोश जवळ ठेवून वाचले. करारनामे आणि कायद्याची कलमे याच रीतीने वाचण्याची आम्हांला तीस वर्षांची सवय आहे. मुलांजवळची आवृत्ती २०१४ ची. तिच्यात तलवारीच्या घावाला आठ बाजूंचा फासा आहे, म्हणजे सरासरी साडेचार. त्यात अंगबळाचे तीन मिळविले की साडेसात. ठोशाला फासाच नाही. एक अधिक अंगबळाचे तीन, एकूण चार. समोरच्याचे प्राण तीस असतील तर तलवारवाला चार घावांत मोकळा होतो. आमच्या पैलवानाला आठ ठोसे लागतात, आणि तो आठवा ठोसा मारीपर्यंत जिवंत राहणे हे वेगळेच. मुलगा खोटे बोलत नव्हता.

निःशस्त्र योद्ध्याची सोय पुस्तकात नाही असे नव्हे. ‘मंक’ नावाचे पात्र १९७५ च्या ‘ब्लॅकमूर’ या पुरवणीपासून आहे. त्याचा ठोसा चार बाजूंच्या फाशाने सुरू होतो आणि अनुभवाबरोबर दहा बाजूंपर्यंत जातो. पण तो पूर्वेकडील मठातला भिक्षू आहे. उड्या मारतो, वाऱ्यासारखा पळतो. गंगावेशीच्या तालमीतला गडी त्या अंगरख्यात बसत नाही. प्रकाशकांनाही ही उणीव जाणवली असावी. २०२० च्या एका पुस्तकात साध्या लढवय्याला सहा बाजूंचा आणि दोन्ही हात मोकळे असतील तर आठ बाजूंचा ठोसा मिळाला. २०२४ च्या सुधारलेल्या आवृत्तीत भिक्षूचा ठोसाही वाढला. मुलांजवळ ही नवी पुस्तके नव्हती. शिवाय या खेळात घरचे नियम करण्याची पहिल्यापासून मुभा आहे. तेव्हा आम्ही नियम करावयास बसलो.

पहिला नियम आम्हीच सुचविला आणि तो साफ फसला. ठोशाला दहा बाजूंचा फासा द्यावा, इतकेच आमचे म्हणणे. सरासरी साडेपाच अधिक तीन, म्हणजे साडेआठ. पैलवान खूश झाला. दुसऱ्या रात्री चौघांपैकी दोघांनी शस्त्रे टाकली आणि मुठी वळून उभे राहिले. आमच्या भाचीने मोहरा साठवून सहा बैठकांनंतर आपल्या पात्रासाठी तलवार घेतली होती. ती म्हणाली, “मगे मी तलवार कित्याक घेतलंय, मामा?” याला उत्तर नव्हते. एका खात्याचा दर वाढवून दुसऱ्या खात्याचा तसाच ठेवला की कारखान्यात काय होते, हे आम्हांला चांगले ठाऊक होते. तरी खेळात तीच चूक केली. नियम मागे घेतला.

मग आम्ही प्रश्न उलटा विचारला. हाताने तलवारीइतकी जखम कशी होईल, हे सोडून द्यावे. तलवारीला जे जमत नाही असे हाताला काय जमते? उत्तर आपल्या खेळांत पिढ्यान्‌पिढ्या पडलेले आहे. कुस्तीत कोणी कोणाला जखमी करीत नाही. पाठ मातीला लावली की निकाल. हुतुतूत तर जोराचा हिशेबच नाही. चढाईच्या गड्याचा नुसता बोटाचा स्पर्श झाला आणि तो मध्यरेषेपलीकडे परत पोहोचला, की समोरचा धिप्पाड गडीही मेला. म्हणजे हाताची किंमत हाडामांसात नसून नियम कशाची मोजदाद करतो यात आहे.

हुतुतूचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. एकच खेळ तीन पद्धतींनी खेळला जाई. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला मेलेला गडी उठे. गामिनीत मेलेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. अमरमध्ये कोणी बाहेर जातच नसे, फक्त गुण मोजीत. गडी तेच, मैदान तेच. पण नियम बदलला की भित्रा गडी धीट होई आणि धीट गडी जपून खेळे. अखिल भारतीय कबड्डी महासंघ १९५० मध्ये स्थापन झाला आणि पुढे संजीवनीची रीत सर्वत्र रूढ झाली. गिरणगावात आमच्या मागच्या पिढीने पाळी सुटल्यावर जी कबड्डी खेळली ती हीच. बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत १९९० साली तिला पदकांचा मान मिळाला.

पुढची दुरुस्तीही तितकीच मार्मिक आहे. समोर सहा किंवा सात गडी असतील तरच बोनस रेषेचा गुण मिळतो. भरल्या मैदानात शिरण्याचे धाडस केल्याचा तो मोबदला. उलट, २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डीत मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना त्यांनी चढाईवाला पकडला, तर एकाऐवजी दोन गुण मिळतात. दुबळ्या बाजूच्या हातात कोणी काठी दिली नाही. त्यांच्या पकडीचे मोल वाढविले.

कुस्तीलाही ही पाळी आली होती. २०१३ पूर्वी काही वर्षे गादीवरच्या कुस्तीत दोन मिनिटांचा डाव गुणांवाचून संपला तर पिशवीतून रंगीत चेंडू काढीत, आणि ज्याच्या रंगाचा चेंडू निघे त्याला प्रतिस्पर्ध्याचा पाय धरून सुरुवात करावयास मिळे. बारा बारा वर्षे मेहनत केलेल्या मल्लाचा निकाल चेंडूवर! फासे टाकणाऱ्या आमच्या मुलांनासुद्धा हे ऐकून हसू आले. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळाने २०२० च्या स्पर्धांतून कुस्ती वगळण्याची शिफारस केली. तेव्हा कुठे नियम बदलले. तीन तीन मिनिटांचे दोन डाव आणि एकूण गुणांवर निकाल, असे ठरले आणि सप्टेंबरात कुस्ती परत आली.

आता आमच्या वहीतले नियम. पहिला पकडीचा. मूळ पुस्तकात शत्रूला धरावयाचे तर एक प्रहार सोडावा लागतो. म्हणून कोणी धरीतच नसे. आम्ही ठरविले की, ज्याचे दोन्ही हात रिकामे आहेत त्याचा ठोसा लागला तर त्याच झटक्यात त्याने पकडीचे दान टाकावे. ठोशाची जखम पुस्तकात आहे तेवढीच राहील. धरलेला गडी जागचा हलत नाही, हे पुस्तकातच आहे. पण २०१४ च्या नियमांत तो धरणाऱ्यावरच तलवार खुशाल चालवितो. हे कोणालाच पटेना. १६५९ साली प्रतापगडाखाली झालेल्या भेटीची हकीकत शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मिठीत खानाची कट्यार निघाली, महाराजांची वाघनखे चालली. मिठीत लांब पात्याला जागाच नसते. म्हणून आमच्याकडे पकडीत सापडलेल्याने लांब शस्त्र चालविले तर त्याने दोन फासे टाकून लहान दान घ्यावयाचे. कट्यारीला ही अडचण नाही. भाचीने लगेच आपल्या पात्राच्या कमरेला एक कट्यार लावली, आणि ते योग्यच केले.

दुसरा नियम चितपटीचा. धरणे, पाडणे, दाबणे अशा तीन पायऱ्या. प्रत्येकीला दोघांनी फासे टाकावयाचे. बरोबरी झाली तर आहे ती स्थिती कायम. तिन्ही साधल्या तर माणसाएवढा शत्रू त्या लढाईतून बाद, मग त्याचे प्राण कितीही उरलेले असोत. यावर सूत्रधार झालेल्या मुलाने हरकत घेतली की, हे फार सोपे होईल. आम्ही हिशेब मांडला. दोघे तुल्यबळ असतील तर एक झुंज जिंकण्याचा संभव शंभरात साडेसत्तेचाळीस. न चुकता सलग तीन जिंकण्याचा शंभरात सुमारे अकरा. पण पैलवानाच्या दानात मेहनतीचे चार गुण जास्त असतील तर एका झुंजीचा संभव सहासष्ट होतो आणि सलग तिन्हींचा एकोणतीसच्या आसपास जातो. मधल्या काळात धरलेला शत्रू सुटण्याची खटपट करतोच. हे आकडे पाहून त्याचे समाधान झाले. राग एवढाच, की हिशेब त्याला आधी सुचला नाही.

तिसरा नियम दमाचा. एरवी शत्रूच्या टप्प्यातून बाहेर पडणाऱ्यावर एक फुकटचा वार होतो. आम्ही चढाईची सवलत दिली. रिकाम्या हाताच्या गड्याने आत शिरून, शिवून, परत येईपर्यंतची सगळी हालचाल खेळणाऱ्याने एका दमात बोलून दाखविली, तर वार नाही. या नियमाने पडवीत मोठी मौज झाली. शेजारची माणसे डोकावू लागली. पण पाचांपैकी एका मुलाला दमा आहे. पहिल्या दिवशी त्याने बोलावयास सुरुवात केली, अर्ध्यावर थांबला आणि फासे खाली ठेवून उठला. पात्राचे बळ मोजण्याऐवजी आम्ही मुलाची छाती मोजीत होतो. हे आमच्या आधी पुतण्याच्या लक्षात आले. त्याने नियमाखाली ओळ लिहिली: दम कोणीही साथीदाराने धरला तरी चालेल. आता तो मुलगा हालचाल सांगतो आणि पुतण्या शेजारी बसून ‘हुतुतू’ घुमवितो.

चौथा नियम साखळीचा, आणि तो आम्हांला सर्वांत आवडतो. पुस्तकाप्रमाणे आपल्यापेक्षा एका मापाने मोठ्या प्राण्याला धरता येते, त्याहून मोठ्याला नाही. आमच्याकडे जितके जास्त गडी हात रिकामे करून हातात हात घालतील, तितक्या मापांनी मोठा शत्रू धरता येतो. त्यासाठी तलवारवाल्यांना शस्त्र म्यान करावे लागते, आणि तेवढा वेळ ते उघडे पडतात. श्रावणातल्या एका रात्री चौघांनी साखळी करून एक राक्षस पाडला. तलवार प्रथम म्यान केली ती भाचीने. याला जोडून प्रो कबड्डीवरून घेतलेले कलम असे, की निम्म्याहून अधिक साथीदार पडले असतील तर उरलेल्यांनी पकडीला दोन फासे टाकून मोठे दान घ्यावे.

वहीच्या पहिल्या पानावर दोन अटी आहेत. चालू लढाईत नियम बदलावयाचा नाही. आणि नवा नियम चार बैठका चालवून पाहिल्यावरच कायम करावयाचा. पुतण्याने खेळ सोडला नाही.

एक वाद मात्र अजून मिटलेला नाही. पुस्तकात भुताला पकड लागू होत नाही, असे स्पष्ट आहे. मठातल्या भिक्षूचा ठोसा सहाव्या पायरीपासून मंत्रसामर्थ्याचा धरतात; आमच्या पैलवानाजवळ असला मंत्र नाही. पण सूत्रधाराने या पावसात गोष्टीत देवचार आणला आहे. पुतण्याचे म्हणणे, देवचार वाटेवर माणसाच्या खांद्याला खांदा लावून चालतो असे आजी सांगते, तेव्हा त्याला कंबर असली पाहिजे. भाची म्हणते, आजीला विचारल्याशिवाय वहीत काही लिहावयाचे नाही. आजी देवबागला लेकीकडे गेली आहे. ती गुरुवारी येईल.