द्रौपदीचा नकार शोधताना

स्वयंवरात कर्ण धनुष्याजवळ येतो आणि द्रौपदी भर मंडपात सांगते, सूतपुत्राला मी वरणार नाही. कीर्तनात, नाटकात, दूरदर्शनच्या मालिकेत हा प्रसंग आपण इतक्यांदा पाहिला-ऐकला आहे की तो महाभारतात नेमका कुठे आहे, हे तपासावे असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. आज ते घरबसल्या आणि फुकट तपासता येते. पण संकेतस्थळावर केवळ संहिता शोधली तर अर्धेच उत्तर हाती लागते, आणि ते फसवे असते. उरलेले अर्धे छापील पानाच्या तळाशी, बारीक टाइपात आहे. म्हणून दोन्ही शेजारीशेजारी उघडायची.

आधी ही संहिता कुठून आली ते पाहू. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये पुण्यात महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम हाती घेतले. १९२५ पासून विष्णु सीताराम सुखटणकर प्रधान संपादक होते. १९४३ मध्ये ते गेले. पुढे श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि परशुराम लक्ष्मण वैद्य यांच्या देखरेखीखाली काम चालले आणि १९६६ मध्ये पुरे झाले. १,२५९ पोथ्या ताडून पाहिल्या गेल्या. उत्तरेकडच्या शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी. दक्षिणेकडच्या तेलुगू, ग्रंथ आणि मल्याळम. काश्मीरची पोथी आणि केरळची पोथी एकमेकींपासून इतक्या दूर की त्यांची देवघेव होण्याचा संभव फार कमी. त्या दोघी एखाद्या ओळीवर एकमत झाल्या, तर ती ओळ जुनी असण्याची शक्यता मोठी. या कामाची सारी भिस्त अशा विचारावर आहे.

ही स्वीकृत संहिता जपानमधल्या क्योतो विद्यापीठाचे मुनेओ तोकुनागा यांनी संगणकावर आणली आणि केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी ती तपासून दुरुस्त केली. देवनागरीत आणि रोमन लिपीत ती सहज मिळते. तिच्यात प्रत्येक ओळीच्या आधी आठ आकडे दिसतील. पहिले दोन पर्वाचे, पुढचे तीन अध्यायाचे, शेवटचे तीन श्लोकाचे. ०११७९००४ म्हणजे आदिपर्व, अध्याय १७९, श्लोक ४. हा क्रमांक टिपून ठेवा. पुढे छापील पान गाठायला तोच उपयोगी पडतो.

आता शोध. ‘कर्ण’ एवढेच अक्षर घातले की कर्णः, कर्णो, कर्णस्य, शिवाय समासात दडलेला कर्णही सापडतो. विभक्तीसकट शब्द घालू नका. पण कर्ण राधेय, वैकर्तन, वसुषेण, सूतपुत्र अशा नावांनीही वावरतो, ती नावेही शोधावी लागतात. अर्जुनाच्या बाबतीत संधी आडवा येतो. आधीच्या शब्दाशी जोडला गेला की ‘अ’ नाहीसा होतो, म्हणून ‘र्जुन’ असा तुकडा शोधावा. आणि ज्या श्लोकात तो ब्राह्मणांमधून उठून धनुष्याकडे निघतो, तिथे त्याला जिष्णू म्हटले आहे! यंत्र अक्षरे जुळवते, माणसे नव्हे. त्यामुळे शोधाने जवळपास पोचायचे आणि मग अख्खा अध्याय सलग वाचायचा, याला पर्याय नाही.

आदिपर्वाचे १७८ आणि १७९ हे अध्याय असे वाचले तर द्रौपदीचा नकार सापडत नाही. उलट १७९ व्या अध्यायात, अर्जुन उठल्यावर चिंतेत पडलेले ब्राह्मण आपसांत बोलतात: कर्ण, शल्य यांच्यासारख्या नामांकित बलवंतांना जे धनुष्य वाकवता आले नाही, ते या पोराला कसे वाकवता येईल? म्हणजे कर्णाने प्रयत्न केला आणि तो फसला, असे ही संहिता मानते.

इथे थांबून ‘हा प्रसंग खोटा’ असे जाहीर करण्याचा मोह अनेकांना होतो. थांबू नका. इंटरनेट अर्काइव्हवर जाऊन चिकित्सित आवृत्तीच्या आदिपर्वाचा स्कॅन उघडा आणि तेच अध्याय काढा. वर मोठ्या अक्षरांत श्लोक दिसतील. एखाद्या शब्दाखाली नागमोडी रेघ असेल, तर संपादकांना त्या पाठाची पुरती खात्री नव्हती असे समजावे. हा प्रामाणिकपणा पडद्यावरच्या साध्या फाइलीत पुसला जातो. श्लोकांखाली पाठभेद दिलेले असतात आणि शेजारी रोमन अक्षरांच्या खुणा: ‘के’ काश्मिरी परंपरेची, ‘बी’ बंगाली, ‘डी’ देवनागरी, ‘टी’ तेलुगू, ‘जी’ ग्रंथ, ‘एम’ मल्याळम. अक्षरापुढचा आकडा त्या गटातल्या पोथीचा. तिचे वर्णन खंडाच्या प्रस्तावनेत सापडते. ज्या ओळी फक्त काही पोथ्यांत आहेत त्या क्रमांक आणि तारांकन देऊन तळटीपेत छापल्या आहेत. फार लांब मजकूर परिशिष्टात गेला आहे. गणपती व्यासांचा लेखनिक झाल्याची कथाही तिथेच आहे.

द्रौपदीचा नकार अशाच तारांकित ओळींमध्ये आहे. तो उत्तरेकडच्या काही पोथ्यांत येतो. दक्षिणेकडच्या परंपरेत मात्र कर्ण धनुष्य वाकवतो आणि प्रत्यंचा केसभराने राहून जाते. एकाच मंडपातला एकच क्षण, आणि तीन ठिकाणी तो तीन तऱ्हांनी सांगितला गेला. मला तळटीपांचे मोल वाटते ते यासाठी. सुखटणकरांनी व्यासांच्या मुखातले मूळ महाभारत सापडल्याचा दावा कधी केला नाही. उपलब्ध पोथ्यांच्या आधारे जितके मागे जाता येते तितके ते गेले. जे वगळले ते फेकून दिले नाही, पत्त्यासकट जपून ठेवले.

आपल्या कानावर नकाराचीच कथा का पडली, याचा धागाही याच मार्गाने लागतो. मूळचे कोपरगावकडच्या घराण्यातले नीलकंठ चतुर्धर सतराव्या शतकात काशीला राहून ‘भारतभावदीप’ ही टीका लिहीत होते. त्यांच्यासमोरच्या पाठात हा नकार होता आणि पुढे छापील आवृत्त्यांत तोच पाठ रूढ झाला. पुण्याच्या चित्रशाळा प्रेसने छापलेली सटीक आवृत्तीही स्कॅन रूपात मिळते. किसारी मोहन गांगुली यांचे एकोणिसाव्या शतकातले इंग्रजी भाषांतरही चिकित्सित आवृत्तीच्या आधीचे असल्याने त्याचे अध्याय पुण्याच्या संहितेशी जुळत नाहीत. या प्रसंगापाशी दहाएक अध्याय पुढे पाहावे लागते. क्रमांक जुळेना म्हणून पुष्कळ वाचक इथेच कंटाळतात. क्रमांक सोडा, प्रसंग धरा. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’साठी चिकित्सित आवृत्तीच आधाराला घेतली होती, त्यामुळे ते पुस्तक शेजारी असले तर फार मदत होते.

अडलेल्या शब्दासाठी कलोन विद्यापीठाचे कोश आहेत. त्यांत फर्ग्युसन महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे यांचा संस्कृत-इंग्रजी कोशही आहे.

चित्रांसाठी अकबराने करवून घेतलेला फारसी अनुवाद, ‘रज़्मनामा’, पाहावा. त्याचे काम १५८२ मध्ये सुरू झाले. १५९८ च्या सुमाराच्या एका सचित्र प्रतीची पाने सुटी होऊन जगभरच्या संग्रहालयांत पोचली आणि त्यांतली अनेक त्या त्या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर दिसतात. चित्रातला एखादा तपशील चिकित्सित संहितेत सापडला नाही तर चित्रकाराला दोष देऊ नये. अनुवादकांपुढे सोळाव्या शतकातल्या पोथ्या होत्या, म्हणून अशा वेळी पुन्हा तळटीपांकडे वळावे.

एकदा हात बसला की सभापर्व उघडा. त्याचे संपादन फ्रँकलिन एजर्टन या अमेरिकी विद्वानाने केले आहे. द्यूतसभेतल्या वस्त्रहरणाचा भाग अध्याय ६१ मध्ये आहे. वरच्या संहितेत वस्त्रे येत राहतात, पण द्रौपदीने कृष्णाचा धावा केल्याचे तिथे नाही. ती हाक कोणत्या पोथ्यांत आहे आणि कोणत्या पोथ्यांत नाही, हे त्याच खंडाच्या तळटीपांत आणि परिशिष्टांत नोंदलेले आहे.