वाट कुणाला विचारावी?

परक्या गावात वाट काढण्याची तीन साधने आज आपल्या हाताशी आहेत : कागदी नकाशा, खिशातला फोन आणि रस्त्यावरचा माणूस. यांत श्रेष्ठ कोण, हा वाद व्यर्थ आहे. तिघांना विचारायचे प्रश्नच निराळे आहेत.

कोणती जागा कुठे आहे, हे नकाशा सांगतो. १७६७ साली स्थापन झालेल्या आपल्या सर्वेक्षण खात्याच्या १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. समान उंचीच्या रेषा दाटीने आल्या की चढ खडा, विरळ झाल्या की सौम्य. एवढे कळले तरी न पाहिलेला घाट घरबसल्या समजतो. मात्र आपण कुठे उभे आहोत, हे नकाशा सांगत नाही.

ते काम फोनचे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह आपले स्थान आणि वेळ अखंड कळवीत असतात. संदेश पोचण्यास लागलेल्या वेळावरून अंतर निघते. चार उपग्रहांचे संदेश मिळाले म्हणजे आपली जागा ठरते आणि फोनच्या घड्याळातली चूकही दुरुस्त होते. पण उपग्रहाला रस्ता ठाऊक नसतो. रस्ता दाखवतो तो फोनमधला नकाशा, आणि काल खणलेला चर त्यात असेलच असे नाही.

तो चर ठाऊक असतो तिथल्या फेरीवाल्याला, पोस्टमनला. मात्र विचारण्यालाही रीत आहे. ‘हा रस्ता स्टेशनला जातो ना?’ असे विचारले की भिडेखातर ‘हो’ येते. ‘स्टेशनला कसे जावे?’ असे विचारावे, आणि दोघांना वेगवेगळे विचारावे. ‘हाकेच्या अंतरावर’ म्हणजे किती मिनिटे, तेही विचारून घ्यावे.

आता मुद्द्याचे बोलू. लंडनच्या टॅक्सीवाल्याला १८६५ पासून परीक्षा द्यावी लागते. चेअरिंग क्रॉसभोवतीच्या सहा मैलांतले सुमारे २५,००० रस्ते त्याला तोंडपाठ लागतात. त्या ज्ञानावर त्याची पत उभी होती. आज ते पाठांतर नसलेला माणूसही फोनच्या आधाराने त्याच रस्त्यांवर गाडी हाकू शकतो. यंत्राने कष्ट वाचवले हे खरे, पण कामगाराच्या माहितीची किंमतही उतरवली.

आपल्याकडे दारोदार जिन्नस पोचवणाऱ्या पोराचेच पाहा. त्याची मजुरी यंत्राने मोजलेल्या अंतरावर ठरत असेल आणि मागचे फाटक बंद म्हणून किलोमीटरभर वळसा पडला, तर तो वळसा कुणाच्या खात्यावर? नकाशा वाचणारा तो मोजून हिशेब पुढे ठेवील. न वाचणाऱ्याच्या हाती नुसती तक्रार उरते, आणि नुसत्या तक्रारीला कचेरीत कोणी विचारीत नाही.

म्हणून फोन अवश्य वापरा. पण निघण्यापूर्वी सगळा नकाशा एकदा नजरेखालून घाला. उत्तर कुठे, नदी कुठे, रूळ कुठे, हे ध्यानात ठेवा. मुक्कामी पोचल्यावर आलेली वाट आठवून कागदावर काढा. महिनाभर एवढे करून पाहा. वाट आपल्या डोक्यात असली, तर तिचे मोल ठरवताना आपल्यालाही दोन शब्द बोलता येतात.