बिबट्याच्या कामात नोकरी हवी? बारावीनंतर हे रस्ते आहेत

जुन्नर : ऊसतोड सुरू झाली की जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूरमधून बिबट्याचे बछडे सापडल्याच्या बातम्या येतात. लोक फोटो काढतात, व्हिडिओ गावभर फिरतो. पण त्यानंतर रात्री काय होतं, हे फारसं कुणी सांगत नाही. आणि या क्षेत्रातली कामं आहेत ती तिथंच.

खबर मिळाली की वनरक्षक फडात पोचतो. तोड थांबवायची, गर्दी मागं सारायची, कारण मादी जवळपासच असू शकते. बछड्यांची तपासणी माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राचे पशुवैद्यक करतात. वन विभाग आणि वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था मिळून हे केंद्र चालवतात. जखम आहे का, अंगातलं पाणी कमी झालंय का, गोचीड किती, हे बघून कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप बसवतात. अंधार पडायच्या सुमारास पिल्लं त्याच जागी क्रेटमध्ये ठेवून कॅमेरा लावतात. जागा बदलून चालत नाही. मादी शोधत तिथंच येते, आणि पिल्लं मिळाली नाहीत तर ती बिथरते. मग धोका आसपासच्या वस्तीला. पुष्कळदा रात्रीतच ती येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून नेते.

आता या कामात शिरायचं कसं?

गावाकडच्या पोरापोरींना सगळ्यात जवळचा रस्ता वनरक्षकाचा. २०२३ च्या भरतीत बारावी पास ही अट होती, आणि विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक विषय असला तरी चालत होतं. म्हणजे भूगोल घेतलेल्या कला शाखेच्या मुलीलाही अर्ज करता येत होता. बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं. लेखी परीक्षा, मग धावणं : मुलांना ५ किलोमीटर, मुलींना ३. शिवाय ४ तासांत चालायचं, मुलांनी २५ आणि मुलींनी १६ किलोमीटर. धावण्याचा सराव सगळे करतात, चालण्याचा कुणी करत नाही! मूळ पगार २१,७०० रुपयांपासून होता. नव्या जाहिरातीत अटी बदलू शकतात, ती नीट वाचा.

डॉक्टर व्हायचं तर बारावीला जीवशास्त्र हवं आणि नीट द्यावी लागते. पशुवैद्यकीय पदवी इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची. शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर, मुंबई इथं सरकारी महाविद्यालयं आहेत. एक मात्र स्पष्ट सांगायला हवं : निव्वळ वन्यप्राण्यांवर काम करायच्या जागा थोड्या आहेत. बहुतेकांची सुरुवात गाई-म्हशींपासूनच होते. बेशुद्धीच्या औषधाचा डोस ठरवणारा हात तिथंच तयार होतो, त्यामुळं त्यात कमीपणा काही नाही.

पिंजरा साफ करणं, मटण मोजून देणं, प्राण्यानं किती खाल्लं, विष्ठा कशी पडली हे रोज लिहिणं, हे काम प्राणिपालाचं. प्राणी आजारी पडलाय हे बहुधा सगळ्यात आधी त्याच्याच लक्षात येतं. संशोधनाची ओढ असेल तर पदवीनंतर डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत एमएस्सी करता येतं. वनक्षेत्रपाल व्हायचं तर एमपीएससीची वनसेवा परीक्षा.

साप धरणं ही नोकरी नाही. रील काढण्यासाठी नाग-घोणस हाताळणं हा जिवाशी खेळ आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार विनापरवाना वन्यप्राणी पकडणं, बाळगणं गुन्हा आहे.

भरतीची जाहिरात वन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावर येते, अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. ‘आपला माणूस आत आहे, दोन लाख द्या’ म्हणणारा भेटला तर पैसे देऊ नका, पोलिसांत तक्रार द्या. आणि फडात बछडं दिसलं तर हात न लावता, सेल्फी न काढता मागं सरा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.